गॅस खांद्यात जातो का? ढेकरांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात ॲसिडिटीवर लिहिलं तेव्हा शेवटी म्हटलं होतं की ढेकरांबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, आणि इतके मेल आले की हा सगळा महिना त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत.

सुरुवातीला ढेकर येतो कसा ते थोडक्यात सांगते, कारण पुढे त्याची गरज पडेल. जेवताना, पाणी पिताना, नुसती लाळ गिळतानासुद्धा आपण प्रत्येक घोटासोबत थोडी हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या भागात, डाव्या बाजूला जमते, छातीच्या एक्स-रेत डावीकडे खाली जो काळा फुगा दिसतो तो हाच. जठर ताणलं गेलं की अन्ननलिका आणि जठर यांच्या मधला स्नायू काही सेकंद सैल पडतो, हवा वर चढते, मग घशाजवळचा दुसरा स्नायू उघडतो आणि तिथे जी थरथर होते तिचा आवाज आपल्याला ऐकू येतो. दिवसभरात असे पंचवीस-तीस ढेकर आले तरी ते नॉर्मल आहे, त्यातले बरेचसे तर आपल्या लक्षातही येत नाहीत.

माझी आई ६२ वर्षांची आहे. तिचा खांदा, पाठ किंवा पिंढरी दाबली की लगेच पाच-सहा ढेकर येतात आणि ती म्हणते बघ, इथे गॅस अडकलाय. दिवसभर हेच चालू असतं, रात्री झोप लागली की एकही नाही. सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळं नॉर्मल आलं. घरातले आता म्हणायला लागलेत की ती नाटक करते. गॅस खरंच अंगात फिरतो का?
— एक मुलगी, मिरज

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही. पोटातला गॅस पोटाच्या आणि आतड्यांच्या आतच असतो, तिथून खांद्यात किंवा पिंढरीत जायला रस्ताच नाही. पण आई नाटक करत नाहीयेत हे घरातल्यांना आजच सांगा, प्लीज. हा त्रास खरा आहे आणि आपल्याकडे तो भरपूर दिसतो, "हात दाबला की वारा निघतो" असं सांगणारे पेशंट ओपीडीत नेहमीच येतात.

होतं काय तर यातले बहुतेक ढेकर जठरातून येतच नाहीत. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा स्नायू, झटकन खाली जातं, छातीतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तोंडावाटे अन्ननलिकेत ओढली जाते, ती जठरापर्यंत पोचायच्या आत पोटाचे स्नायू आवळून परत बाहेर टाकली जाते, हे सगळं एका सेकंदाच्या आसपास. म्हणजे जी हवा बाहेर पडली ती आत्ताच आत घेतलेली हवा होती. पेशंटला यातलं काहीही कळत नसतं, त्याला फक्त छातीत-पोटात भरल्यासारखं वाटतं आणि ढेकर दिला की क्षणभर मोकळं वाटतं, मग परत भरल्यासारखं वाटतं. त्या क्षणभराच्या आरामामुळेच ही सवय पक्की होत जाते. सवय म्हटलं की लोकांना वाटतं मुद्दाम केलेलं, तसं नाहीये, शरीर आपल्या नकळत शिकलेलं असतं. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत ठेवून २४ तास हवा आणि ॲसिड कुठल्या दिशेने जातं ते मोजायची एक टेस्ट असते, तिच्यात हवा वरून आत जाताना स्पष्ट दिसते. ही टेस्ट सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते, कारण तुम्ही जे लिहिलंय तेच पुरेसं बोलकं आहे. झोपेत एकही ढेकर नाही. आता हेही बघा की आई फोनवर कुणाशी गप्पांत रंगल्या की ढेकर थांबतात का, बहुतेक थांबत असतील.

मग दाबल्यावरच का येतात? दुखऱ्या जागी दाब पडला की माणूस श्वास रोखतो, पोट आवळतो आणि तेवढ्यात हवा आत जाते. वर्षानुवर्षं "दाबलं की निघतो" हे डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे दाबणाऱ्याचा हात लागला की शरीर आपोआप तेच करतं.

उपाय आहे, आणि तो गोळ्यांमध्ये नाही. रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं आईंना खुर्चीत टेकून बसवा, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगा. तोंड किंचित उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवलेलं, आणि श्वास असा घ्यायचा की पोटावरचा हात हलेल, छातीवरचा नाही. नंतर ढेकराची उबळ आली की त्या वेळी हेच करायचं. तोंड उघडं असताना आणि श्वास पोटाने चालू असताना ती हवा ओढून घेणं अवघड जातं. जमत नसेल तर स्पीच थेरपिस्टकडे न्या, ऐकायला विचित्र वाटेल पण ढेकरांच्या या प्रकारावर त्यांचा चांगला उपयोग होतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, धीर धरा.

अजून दोन गोष्टी. खांदा खरंच दुखत असेल तर त्याचं वेगळं निदान करून घ्या, फ्रोजन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा असेल, डायबिटीसमुळे असेल, मानेचं काही असेल, सगळं गॅसच्या नावावर खपलं की खऱ्या दुखण्याकडे कुणी बघतच नाही. आणि आईंचा आयुर्वेदावर विश्वास असेल तर त्यांना सांगा की ढेकर दाबू नये असं जे ऐकलंय ते बरोबर आहे, चरकाने न दाबायचे १३ वेग म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका सांगितल्यात त्यात उद्गार म्हणजे ढेकर आहेच, पण वाग्भटाने वेग दाबून ठेवण्यासोबत वेग मुद्दाम आणण्यालाही रोगाचं कारण म्हटलंय. हे दुसरं कुणी सांगत नाही.

बाबांना (५८, डायबिटीस) रात्री जेवणानंतर छातीत जड वाटायला लागलं, घाम आला, सारखे ढेकर येत होते. आम्ही गॅस समजून सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली. थोडं बरं वाटलं म्हणून झोपले. सकाळी ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. आता बरे आहेत. पण ढेकर येत असताना हार्टचं कसं काय असू शकतं?
— एक मुलगा, जळगाव

बाबा बरे आहेत हे वाचून खूप बरं वाटलं. हा प्रश्न मला या सगळ्या पत्रांत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि त्याच्या बरोबर खाली जठर. दोघांकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या नसा बऱ्याच अंशी सामाईक आहेत, त्यामुळे दुखणं नेमकं कुणाचं ते मेंदूला ओळखता येत नाही. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं की मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, ढेकर, असं सगळं पोटाचंच चित्र उभं राहू शकतं. डायबिटीस असला की नसा अधू झालेल्या असतात म्हणून ती टिपिकल जोरदार कळही येत नाही, नुसतं जड वाटतं. बायकांमध्येही असं बरेचदा होतं.

आणि सोड्याने बरं वाटलं याचा अर्थ हार्टचं नाही असा होत नाही. पोटाचं औषध घेऊन आराम पडलेल्या माणसाला हार्ट अटॅक असू शकतो हे डॉक्टरांनाही बजावून शिकवलेलं असतं.

म्हणून घरोघरी हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं, जड वाटतंय, सोबत घाम आहे, दम लागतोय, जबडा, मान, हात किंवा पाठीकडे कळ जातेय, आणि हे काही मिनिटांत थांबलेलं नाही, तर ढेकर येवोत न येवोत, सोडा करायला स्वयंपाकघरात जायचं नाही, १०८ ला फोन करायचा नाहीतर सरळ जिथे ईसीजी निघेल तिथे पोचायचं. चाळिशी ओलांडलेला माणूस, डायबिटीस, बीपी, तंबाखू, घरात कुणाला हार्टचा त्रास, यातलं काहीही असेल तर अजिबात थांबू नका. पेशंटला चालवत जिना उतरवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा, परत काढावा लागतो, रक्ताचीही तपासणी असते. ईसीजी काढला आणि गॅसच निघाला तर फारच छान, घरी येऊन ताक प्या. त्यात कुणालाही लाज वाटायचं कारण नाही, आणि "उगाच धावाधाव केली" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा अंक वाचायला द्या.

सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत आलेत. सासरे जेवण झालं की मोठ्याने ढेकर देतात आणि "हरी ॐ" म्हणतात. घरात ठीक आहे पण परवा नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक जेवायला होते आणि टेबलावर एकदम शांतता पसरली. मी काही बोलले तर उद्धट ठरेन. खरंच काही देशांत ढेकर म्हणजे जेवणाची तारीफ असते का?
— एक सून, स्टुटगार्ट

तुमची अडचण समजते, दोन्हीकडची माणसं आपलीच असली की फार ओढाताण होते.

तारीफवाली गोष्ट व्हॉट्सॲपवर खूप फिरते, अमक्या देशात ढेकर दिला नाही तर यजमान रागावतो वगैरे. त्यावर फार विसंबू नका. अरब देशांचं नाव हमखास घेतात, पण तिरमिझींच्या हदीस-संग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी) असा प्रसंग आहे की पैगंबरांसमोर एकाने ढेकर दिला आणि त्यांनी त्याला तुझे ढेकर आमच्यापासून दूर ठेव असं सांगितलं. जपानमध्ये नूडल्स सुर्र करून खाल्लेल्या चालतात, ढेकर मात्र चालत नाही. तुमच्या जर्मनीत लोक चारचौघांत जोरात नाक शिंकरतात, ते आपल्या माणसाला जेवताना पाहवत नाही, आणि त्यांना आपला ढेकर ऐकवत नाही. कुठला आवाज घाण आणि कुठला साधा हे प्रत्येक ठिकाणी लहानपणीच ठरून जातं.

आपल्याकडेही तृप्तीचा ढेकर म्हणजे यजमानाला दिलेली पावती असं मला वाटत नाही, ती जेवणाऱ्याची स्वतःची गोष्ट आहे. पंगतीत पोट भरलं, ढेकर आला, देवाचं नाव घेतलं, ताटावरून उठले. दुर्वास ऋषींच्या गोष्टीत कृष्ण द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं पान खातो आणि तिकडे नदीवर ऋषी आणि शिष्यांना भरल्यापोटी ढेकर यायला लागतात, आपल्या पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट ऐकत वाढल्यात. ज्या घरांनी दुष्काळ पाहिलेत, पोटभर जेवण हीच मोठी गोष्ट होती, तिथे ढेकर आणि पाठोपाठ "हरी ॐ" म्हणजे अन्नाचे आभार. तुमचे सासरे तेच करतायत, म्हणून त्यांना घाण सवय आहे असं मनात सुद्धा आणू नका.

पण पाहुण्यांसमोर बदल मागण्यात उद्धटपणा नाही. हे नवऱ्याने बोलायचं, तुम्ही नाही, आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी, निवांत चहा पिताना. "बाबा, इथल्या लोकांना जेवताना ढेकराचा आवाज फार लागतो, आपण तेवढ्यापुरतं सांभाळू या" एवढं पुरे. ढेकर रोखायला सांगू नका, आवाज रोखायला सांगा. हनुवटी जरा खाली, ओठ मिटलेले, तोंडासमोर रुमाल, आणि हवा नाकावाटे हळू सोडायची. सासऱ्यांना हे दोन दिवसांत जमेल. त्या दिवशी जेवणासोबत कोक-सोडा ठेवू नका, ३०० मिलीच्या बाटलीत तिच्या तिपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो, तो कुठूनतरी बाहेर येणारच. आणि "हरी ॐ" राहू दे, ते ऐकून कुणाची भूक जात नाही.

बाळ दीड महिन्याचं आहे. आई म्हणते ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवायचंच नाही. रात्री तीन वाजता अर्धा-अर्धा तास खांद्यावर घेऊन थोपटत बसते, तरी कधी कधी ढेकर येतच नाही. मला रडू येतं. काय करू?
— एक नवी आई, ठाणे

अगं, झोप. दूध पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाळाला उभं धर, पाठीवर हलका हात फिरव, ढेकर आला तर छान, नाही आला तर बाळाला पाठीवर झोपव आणि तूही झोप.

चंडीगढच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी यावर नीट प्रयोग केलाय. ७१ आई-बाळांच्या जोड्या घेतल्या, अर्ध्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, बाकीच्यांना नाही, आणि तीन महिने लक्ष ठेवलं. ढेकर काढलेल्या बाळांचं पोटदुखीचं रडणं काही विशेष कमी झालं नाही, उलट दूध बाहेर काढणं जास्त दिसलं. याचा अर्थ ढेकर काढणं वाईट असा घेऊ नको, उभं धरलेल्या बाळाला आणि आजीला दोघांनाही ते आवडतं. पण तो आलाच पाहिजे असा नियम नाही. बाटलीने पाजत असाल तर बाटली इतकी तिरकी धरा की निपलमध्ये दूधच भरलेलं राहील, हवा नाही. ग्राइप वॉटर नको, सहा महिने अंगावरचं दूध सोडून दुसरं काही नको. हिरवी उलटी, पिचकारीसारखी जोरात उलटी, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर लगेच बालरोगतज्ज्ञाकडे.

आईला हे उत्तर वाचून दाखव. आणि तीनच्या फीडनंतर बाळाला आईकडे दे, थोपटायचं असेल तर त्या थोपटतील.

मी २४ वर्षांचा. मला आयुष्यात कधी ढेकर आलेला नाही. मित्र हसतात. कोल्ड्रिंक प्यायलं की छातीत भयंकर दाब येतो, घशातून बेडूक ओरडल्यासारखे आवाज येतात, संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी.
— एक इंजिनिअर, पुणे

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला, कारण याला आता नाव आहे (रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजियस डिसफंक्शन, थोडक्यात आर-सीपीडी) आणि उपचारही आहे. वर सांगितलं ना की घशाजवळ दुसरा स्नायू असतो, तो काही लोकांमध्ये गिळताना नीट उघडतो पण खालून हवा आली की उघडतच नाही. हवा अन्ननलिकेत अडकून वर-खाली होते, तेच ते बेडकाचे आवाज, आणि शेवटी सगळा गॅस खालच्या वाटेने जातो. २०१९ मध्ये शिकागोजवळच्या डॉ. रॉबर्ट बास्टियन यांनी अशा पेशंटचा अभ्यास छापला आणि तेव्हापासून हा विकार डॉक्टर मंडळींत ओळखला जायला लागला. त्याआधी ही माणसं वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात होती.

उपचार म्हणजे त्या स्नायूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. काही महिन्यांनी औषधाचा असर जातो, पण बऱ्याच जणांचा ढेकर नंतरही टिकतो, बहुधा तोवर शरीर शिकलेलं असतं. सुरुवातीचे काही आठवडे गिळायला थोडा त्रास होऊ शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांपैकी जे आवाज आणि गिळण्याच्या विकारांवर काम करतात त्यांना गाठ, आणि पत्रात लिहिलंस तसंच सगळं सांग, विशेषतः "कधीच आलेला नाही" हे. तोपर्यंत सोडा, कोल्ड्रिंक, च्युइंगम बंद.

करपट, आंबट ढेकर येतात, बडीशेप आणि पुदिना खातो, कधी बरं वाटतं कधी वाढतं. असं का?
— एक काका, नाशिक

कारण पुदिन्याने जठराच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो, त्यामुळे हवा सुटते आणि बरं वाटतं, पण त्याच वाटेने ॲसिडही वर येतं. म्हणून आंबट ढेकर असणाऱ्यांनी पुदिना, कॉफी, तळलेलं, रात्रीचं उशिरा जेवण हे कमी करावं, जेवण आणि झोपणं यात तीन तास ठेवावेत. खायच्या सोड्याची सवय लावू नका, एक ग्रॅम सोड्यातून पोटात पाव लिटरहून जास्त गॅस तयार होतो, आणि त्यातलं सोडियम बीपीवाल्यांना वाईट. वजन कमी होतंय, घास अडकतोय, शौचाला काळं होतंय, रक्त कमी झालंय, किंवा पन्नाशीनंतर त्रास नव्याने सुरू झालाय, तर घरगुती उपाय सोडा आणि एंडोस्कोपी करून घ्या.

टीव्हीवर सांगतात गायींच्या ढेकरांनी पृथ्वी तापते. आमच्या चार गायींवर एवढा आरोप? खरं आहे का?
— एक शेतकरी, संगमनेर तालुका

दादा, खरं आहे, पण आरोप नाही. गाय वैरण खाते ती तिच्या पोटातले जंतू कुजवतात, त्यात मिथेन होतो, आणि तो जवळजवळ सगळा तोंडावाटेच बाहेर पडतो. एक मोठी गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन सोडू शकते आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. न्यूझीलंडने २०२२ मध्ये यावर शेतकऱ्यांकडून पैसे घ्यायचा प्रस्ताव आणला होता, २०२४ मध्ये तो सोडून दिला. डेन्मार्क २०३० पासून कर लावणार आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या जनावरांच्या पोषणावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलंय, त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं ते सांगतात. माझं मत विचाराल तर चार गायींवर घर चालवणाऱ्या माणसाकडून कर मागणं चुकीचं आहे, चांगलं खाद्य परवडेल अशा किमतीत देणं योग्य. मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली ताकद असते, तो कमी झाला तर फायदा तुमचाही होऊ शकतो.

आणि गायीचा ढेकर बंद होणं किती वाईट ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कोवळा, ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ला की पोटात फेस होतो, गॅस त्यात अडकतो, ढेकर येत नाही आणि डाव्या कुशीला पोट फुगतं. फुगवटा फुफ्फुसांवर दाबला की जनावर काही तासांत दगावतं. तेव्हा आधी सुकी वैरण, मग लसूणघास, तोही थोडा सुकवून. डावी बाजू फुगलेली दिसली, रवंथ थांबला, की सकाळची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.